तिलवारा ते लम्हेटा, दोराच्या टोकाला

आमच्या ह्यांना चालण्याचं वेड होतं आणि ही गोष्ट लग्नाआधी मला कुणीही सांगितली नाही. मुलगा जबलपूरला दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर आहे, क्वार्टर मिळालंय, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, एवढंच नागपूरला आमच्या कानावर आलं. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मला सकाळी उठवून म्हणाले, "चल, मदनमहालच्या टेकडीवर जाऊन येऊ." मला वाटलं, देवदर्शन असेल. नवी साडी नेसून निघाले. वर गेलो तर एक पडका महाल आणि जवळच एका शिळेवर तोललेली दुसरी शिळा. ती शिळा दाखवताना माणसाचा चेहरा असा उजळला होता की जिभेवर आलेलं मी गिळलं. पुढे फारसं काही गिळलं नाही, तो भाग वेगळा.

हे नुसते भटकत नसत, वाटा शोधून ठेवत. कुठून चढायचं, सावली कुठे आहे, कोणत्या नाल्याला हिवाळ्यापर्यंत पाणी टिकतं, कोणत्या गावची कुत्री अंगावर येतात, सगळं डोक्यात पक्कं. कुंडमकडच्या जंगलातली एक वाट, तलावाला वळसा घालून येणारी एक, आणि सगळ्यांत लाडकी म्हणजे नर्मदेच्या काठाकाठानं तिलवारा घाटाहून लम्हेटा घाटाला आणि तिथून पुढे भेडाघाटला जाणारी. सोमवारी कारखान्यात लोक विचारत, "भैया, अगले इतवार किधर?" आणि हे चहा थंड होईपर्यंत सांगत बसत. हळूहळू मीही कॅनव्हासचे बूट घालून, पदर खोचून मागे चालायला लागले. कॉलनीतल्या बायका हसायच्या. हसेनात का. घरात बसून दुसऱ्यांच्या सुनांची मापं काढण्यापेक्षा ते बरं होतं.

सदर बाजारात एक रद्दीवाला होता. साहेब लोकांच्या बंगल्यांतली जुनी इंग्रजी मासिकं त्याच्याकडे येत. त्यातलं एक ह्यांनी घरी आणलं. त्यात पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरणारी माणसं होती, पायात चाळणीसारखं काहीतरी अडकवून बर्फात चालणारी होती, आणि एका चिंचोळ्या होडीत कमरेपर्यंत बसून, दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं मारत नदीतून हसत हसत जाणारा एक गोरा होता. जबलपुरात बर्फ फक्त सदरच्या सरबतवाल्याच्या गाडीवर मिळतो, हे देवाचे उपकारच म्हणायचे. पण नदी होती ना. त्या गोऱ्याचं चित्र ह्यांनी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं, तेव्हाच मी समजले की आता काहीतरी होणार.

गुरंदीच्या कबाडी बाजारातून ह्यांनी फौजी ट्रकवरची जुनी ताडपत्री आणली. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा बांधला, त्यावर ताडपत्री ताणून शिवली आणि वरून डांबर फासलं. माझी एक चांगली कढई त्या डांबरात गेली. तयार झालं ते काळंकुळकुळीत, मधे फुगलेलं, दोन्हीकडे निमुळतं. कॉलनीतल्या पोरांनी त्याचं नाव ठेवलं 'भटा'. आमच्याकडे वांग्याला भटा म्हणतात. ह्यांना राग आला नाही. उलट महिनाभर ते स्वतःच म्हणत होते, आज भट्याला आणखी एक हात डांबराचा द्यावा लागेल.

राग आला तो आमच्या जेठांना. जेठ म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. मराठीत मोठे दीर म्हणायचं, पण जबलपुरात राहून आमची सगळ्यांचीच जीभ अर्धी हिंदी झालेली. सासरे लवकर गेले, तेव्हा जेठांनी शाळा सोडून कारखाना धरला आणि ह्यांना शिकवलं, वाढवलं. पोहायलाही त्यांनीच शिकवलं, ग्वारीघाटला, ह्यांच्या कमरेला धोतर बांधून आणि दुसरं टोक स्वतः धरून. आता ते फोरमन होते. बोलणं कमी आणि आवाज असा की मशीन चालू असतानाही ऐकू जावा. त्यांच्यासमोर मी डोक्यावर पदर घेत असे आणि थेट बोलत नसे. रीतच होती तशी. चहा झाला हे सांगायचं असलं तर मी भिंतीकडे बघून म्हणायची, "चहा झाला म्हणावं." ते खिडकीकडे बघून म्हणायचे, "साखर कमी टाक म्हणावं." मधे कुणी नसलं तरी हा 'म्हणावं' असायचाच.

भट्याकडे बघून ते ह्यांना म्हणाले, "नर्मदामाईत हे घालणार तू? धुआँधारवरून खाली गेलास तर हाडं मोजायलासुद्धा सापडणार नाहीत." भेडाघाटच्या अलीकडे अख्खी नर्मदा जिथून खाली कोसळते तो धुआँधार. हे म्हणाले, "दादा, मी लम्हेट्यालाच काठाला लागणार. धुआँधार त्याच्या कितीतरी पुढे आहे." बरीच घासाघीस झाली. शेवटी जेठ म्हणाले, "ठीक आहे. होडीच्या टोकाला लांब दोर बांधायचा, तो धरून मी काठानं चालेन. माझ्या हातात दोर असेल तरच." हे लगेच दोर आणायला गुरंदीला निघाले.

आणि तेवढ्यात लढाई आली, आधी दोन-तीन महिने नुसती तयारी आणि मग खरी. बांगलादेशची.

त्या दिवसांत आमच्या कॉलनीत घड्याळाची गरज उरली नाही, सगळं भोंग्यावर चालायचं. कारखाना रात्रंदिवस चालू, रविवारच्या सुट्ट्या बंद, पुरुषमाणसं घरी फक्त झोपायला यायची. ह्यांना दाढी करायला वेळ मिळेना. चांगली हातभर वाढली. खिडक्यांना काळे कागद लावलेले. गावात रोज नवी आवई उठायची, आज म्हणे कटंगीजवळ छत्रीवाले उतरले, म्हणजे विमानातून छत्री बांधून उडी मारणारे शत्रूचे शिपाई. कुणी पाहिले नव्हते, पण सगळ्यांना त्यांची उंची माहीत होती. दारूगोळ्याचं गाव, बॉम्ब पडला तर आधी आपल्यावरच पडणार, ह्यात कुणालाच शंका नव्हती.

कॉलनीच्या मैदानात संध्याकाळी हवाई हल्ल्याची कवायत व्हायची आणि ती घ्यायचे आमचे जेठ. भोंगा वर-खाली रडायला लागला की हातात जे असेल ते सोडायचं, असाल तिथे आडवं व्हायचं, दातांत कापड धरायचं, कानांत बोटं घालायची आणि भोंगा एका सुरात सरळ वाजेपर्यंत, म्हणजे 'ऑल क्लिअर' होईपर्यंत डोकं वर काढायचं नाही. पहिल्या संध्याकाळी दुधाची बरणी, भाजीची पिशवी, कुणाचं कडेवरचं पोर, सगळं लोकांनी हातात धरूनच ठेवलं. जेठ गरजले, "सोडा म्हटलं की सोडायचं! हातातलं वाचवायला जाल तर जिवाला मुकाल." पोराचं सोडून बाकी सगळं सोडायला त्यांनी आम्हांला रोज घोकून घोकून शिकवलं. आठवड्यात अशी सवय झाली की भोंगा ऐकला की आधी हात उघडायचे आणि मग कळायचं.

एकटे हे सुधारत नव्हते. ऑल क्लिअरच्या आधी हमखास मान वर. एका संध्याकाळी जेठांनी सगळ्या कॉलनीसमोर ह्यांना नाव घेऊन हटकलं. म्हणाले, "सगळ्यांचं झालं. तू परत आडवा हो. मी सांगेपर्यंत उठायचं नाही." बायका-पोरांसमोर दाढीवाला माणूस एकटा धुळीत पडून राहिला. घरी येऊन जेवले नाहीत. मी म्हटलं, "काहून ऐकत नाही तुम्ही त्यांचं? डोकं खाली ठेवायला पैसे पडतात का?" तर म्हणाले, "आता बघच तू. पुढच्या वेळी दादा हात जोडेल उठ म्हणून, पण मी उठणार नाही."

बऱ्याच दिवसांनी मग आळीपाळीनं रविवार मिळायला लागले आणि एकदा दोघा भावांना एकच रविवार आला. हे आदल्या दिवसापासूनच भट्याभोवती फिरून राहिले होते. मी म्हटलं, लढाई चालू आहे, निदान आता तरी घरी बसा, अंगात झोप नाही तुमच्या. पण त्यांचा चेहरा बघून मीच दशम्या करायला घेतल्या. इतके दिवस लोखंड कापून माणूस वाळला होता.

सकाळी आमच्या पोरांना जेठाणीबाईंकडे, म्हणजे माझ्या जावेकडे ठेवलं आणि हातगाडीवर होडी घालून तिलवाऱ्याला गेलो. पुलावर पहारा होता म्हणून बरंच खाली उतरून होडी पाण्यात सोडली. थंडी म्हणजे दात वाजत होते. मी माझी जुनी गेरू रंगाची चादर ह्यांना गुंडाळली. हे आत बसले, वल्हं उचललं आणि खरं सांगते, ते काळं वांगं पाण्यावर इतकं हलकं चाललं की मला हसूच आलं. कधी नव्हे ते जेठांच्याही मिशा हलल्या. दोर त्यांच्या हातात. ते पुढे, मी मागे, काठाची वाट. डावीकडे हिरवं पाणी, उजवीकडे हरभरा आणि बोरीची झुडपं. ती वाट अजूनही तशीच सुंदर आहे, कुणालाही जायची असेल तर हिवाळ्यात जावं आणि नदी डाव्या हाताला धरून चालत राहावं, चुकायची भीती नाही. अडचण एवढीच होती की मधे बोलायला ह्यांच्यासारखा माणूस नव्हता, त्यामुळे जेठ आणि मी एकमेकांशी एक शब्द न बोलता चाललो होतो. त्यांना बोर दिसली तर ते बोरीला म्हणायचे, "पिकलेली दिसतात." मग मी दोन-चार तोडून घ्यायची.

आणि मागे शहराकडून, गढ्याच्या बाजूनं, भोंगा आला. लांबून, पण स्पष्ट, वर-खाली रडणारा.

रविवारी कवायत कधी नसायची. माझ्या मनात एकच आलं, ही कवायत नाही, हे खरं आहे. आकाशाकडे बघायलाही वेळ नव्हता. जेठांनी ओरडून "आडवे व्हा" म्हटलं, ते मला, नदीतल्या ह्यांना आणि बहुतेक स्वतःलाही. आम्ही दोघं वाटेच्या बाजूच्या कोरड्या चरात पडलो. दातांत पदर, कानांत बोटं, तोंड मातीत. पोरं कॉलनीत जेठाणीबाईंजवळ होती, ती आडवी झाली असतील का, एवढंच डोक्यात घुमत होतं. विमानाचा आवाज येतोय असं किती वेळा तरी वाटलं. आलं नाही. केव्हातरी भोंगा सरळ वाजला, एका सुरात, आणि मी उठून बसले. आजवर तो सूर ऐकून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. तोंडातली माती थुंकली, पदर झटकला, नदीकडे बघितलं.

नदीत काही नव्हतं.

वळणापर्यंत पाणी दिसत होतं, हिरवं, गुळगुळीत. मी जेठांकडे बघितलं. ते आपल्या हातांकडे बघत होते. तळव्यांवर दोराचे वळ होते आणि दोर नव्हता. मी पदर न घेता, मधे कुठला 'म्हणावं' न घालता, सरळ त्यांच्या तोंडावर ओरडले, "दोर कुठे आहे?"

ते वळणाच्या दिशेनं पळायला लागले. मीही.

त्या वाटेनं मी किती वेळा गेले असेन, पण त्या दिवशी ती संपेना. एक नाला आडवा आला. होडीत बसून जाणाऱ्याला त्याचं काहीच नाही, पण चालणाऱ्याला वळसा घालून शेतातून जावं लागतं. तेवढा वेळ नदी डोळ्यांआड झाली. परत काठाला आलो तर एक बाई शेळ्या चारत होती. मी विचारलं, "दीदी, इधर से नाव गई क्या? काली नाव?" ती म्हणाली, "गई है. रीती हती." रीती म्हणजे रिकामी. मी परत विचारलं. तिनं हातानं करून दाखवलं, कोई नइयाँ, आत कुणी नाही.

जेठ माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा थेट बोलले ते तिथे. म्हणाले, "पोहता येतं त्याला. मी शिकवलंय."

मी म्हटलं, "एवढ्या थंडीत, अंगाला चादर गुंडाळून? कोण पोहतं?" आणि मग मी थांबले नाही. मी त्यांना काय काय बोलले ते आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. सोडा, सोडा, रोज तेच शिकवलंत तुम्ही, घ्या आता, सोडलात ना, असलं सगळं. ते पुढे पळत होते आणि ऐकत होते. एकदाही मागे वळून बघितलं नाही.

लम्हेटा जवळ आला तेव्हा समोरून घाटावर न्हाऊन परतणाऱ्या बाया भेटल्या. ओल्या साड्या, हातात लोटे. मला दम लागलेला बघून त्या थांबल्या. माझ्या तोंडून "नाव" एवढंच निघालं. त्यातली एक हात जोडून म्हणाली, आज तर मोठं भाग्य, एका महात्म्याचा देह वाहत आला. गेरू पांघरलेले, दाढीवाले, चेहऱ्यावर काय शांती. आम्ही फुलं वाहून आलो. साधूला जाळत नाहीत, नर्मदामाईच्या स्वाधीन करतात, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे त्या बायांना त्यात काही विशेष दुःखाचं वाटत नव्हतं. ती चादर मी स्वतः सकाळी अंगाभोवती घट्ट खोचून दिली होती.

जेठ तिथेच वाटेत खाली बसले. एवढा आडवा-उभा माणूस, पण मला वाटलं आता हा उठणार नाही. मी त्यांचा दंड धरला. धाकट्या भावाच्या बायकोनं जेठाला हात लावायचा नसतो, पण मी धरला आणि ओढलं. म्हटलं, "उठा. आपलं माणूस आहे, आपणच न्यायचं." मग आम्ही पळालो नाही. चाललो. पळून गाठायचं काही उरलं नव्हतं.

घाटावर गर्दी होती. पिंपळाच्या पाराभोवती लोक उभे होते आणि मधून कुणाचा तरी चढलेला आवाज येत होता. आवाज ओळखीचा होता. हिंदी बोलत होता, पण मधे मधे संतापून मराठीत घसरत होता. मी गर्दीत घुसले. पारावर आमचे हे बसले होते. गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर बोटभर कुंकू, दाढीत फुलांच्या पाकळ्या, नाक लाल. त्यांच्या एका बाजूला बाया-माणसं हात जोडून बसलेली आणि दुसऱ्या बाजूला तिघं-चौघं काठ्या घेऊन उभे.

झालं होतं ते असं. भोंगा ऐकून हे होडीत उताणे पडले. दातांत चादरीचं टोक, कानांत बोटं, डोळे गच्च मिटलेले. दादानं मैदानात केलेला अपमान डोक्यात होता, म्हणून मनाशी पक्कं केलं, ऑल क्लिअरशिवाय हलायचं नाही. दोर सुटला हे त्यांना कळलंच नाही. होडी वाहत वाहत लांब आली आणि सरळ भोंगा इथवर पोचला नाही. पोचला असता तरी कानांत बोटं होती. हे आत आडवे होते म्हणून शेळीवाल्या बाईला लांबून होडी रिकामी दिसली. लम्हेट्याच्या नावाड्यानं पाण्यात मागे फरफटत येणारा दोर पाहिला, बांबूनं तो अडकवला आणि ओढून होडी घाटाला लावली. आत बघतो तर गेरू पांघरलेला, दाढीवाला, कान बंद करून समाधी लावलेला महात्मा. लोकांनी कुंकू लावलं, माळ घातली. बाया फुलं वाहून वाटेला लागल्या. मागे राहिलेल्या एकानं होडीच्या काठावर नारळ फोडला, त्याचं गार पाणी ह्यांच्या तोंडावर उडालं आणि महात्मा ताडकन उठून बसला. दातांतलं कापड थुंकून म्हणाला, "ऑल क्लिअर झालं का?"

अर्धा घाट पळाला. जे पळाले नाहीत त्यातल्या एका पेन्शनर शिपायाची नजर ताडपत्रीवरच्या फौजी छापावर गेली. काळी नाव, अंगावर भगवं, तोंडात इंग्रजी, म्हणजे हा छत्रीवालाच. मग गावाचे दोन तट पडले. निम्म्यांना पाया पडायचं होतं आणि निम्म्यांना बांधून ठाण्यावर न्यायचं होतं. हे दोन्ही बाजूंना समजावून राहिले होते, आणि दोन्ही बाजू ऐकत नव्हत्या.

मला बघून म्हणाले, "अगं, सांग ना ह्यांना."

मी काय सांगणार? आणि मग तोंड उघडलं ते बंदच होईना. त्या गोऱ्याच्या चित्रापासून सुरुवात केली. कढई, डांबर, दाढी, ती मेली होडी, थंडी, घरी पोरं आहेत हे लक्षात आहे का, मी कुंकू पुसायचं का, आणि ते कपाळभर कुंकू आधी पुसा, सगळं काढलं. रडत होते आणि बोलत होते. हे खाली मान घालून ऐकत होते. शेवटी एक म्हातारी पुढे आली, काठीवाल्यांना हातानं मागे सारलं आणि म्हणाली, "छोड़ो रे. जे न साधू आय, न जासूस. जे तो घरवाली वारो आय." घरवाली वारो म्हणजे बायकोवाला. सगळे हसले. पेन्शनर शिपायानंही काठी खाली ठेवली. इतकी बोलणी मुकाट्यानं खाणारा माणूस शत्रूचा असणं शक्य नाही, हे त्यालाही पटलं असावं.

तेव्हा कुठे जेठ गर्दीतून पुढे आले. हे उठून उभे राहिले. मला वाटलं, आता दोघांत काहीतरी बोलणं होईल, निदान जेठ कान तरी धरतील. हे म्हणाले, "दादा, ह्या वेळी मी डोकं वर काढलं नाही." त्यात टोमणा नव्हता, बरं का. शाळेतला मुलगा पाटी दाखवतो तसं सांगितलं त्यांनी. जेठांनी त्यांना छातीशी धरलं आणि माळेसकट, पाकळ्यांसकट रडायला लागले. फोरमनला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा तो मोठा आवाज रडतानाही मोठाच होता. मी पारावर बसले आणि हातापायांत जीव परत येतोय हे मला अगदी स्पष्ट कळत होतं.

मग गावानं आम्हांला जेवू घातलं. गोवऱ्यांवर भाजलेल्या गक्कड, म्हणजे कणकेचे गोळे, आणि भट्याचं भरीत. भट्याचंच. हे त्यावर काहीतरी विनोद करायला गेले, मी बघितलं, गप्प झाले. म्हातारी वाढत होती, मी खात होते. तशी भूक पुन्हा कधी लागली नाही. जेठ मात्र पत्रावळीपुढे नुसते बसून होते, सारखे तळहात उघडून बघत होते. माझ्या बोलण्याचे वळ तिथेच उठले होते, हे मला दिसत होतं. मी भरिताचा गोळा घेऊन त्यांच्यापुढे गेले. पदर डोक्यावर घ्यायचा राहिलाच. म्हटलं, "तुम्ही दोर बांधायला लावला म्हणून नावाड्याच्या हाताला काहीतरी लागलं. नुसती होडी असती तर त्यानं बांबू कशात अडकवला असता? जेवा आता." ते सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "मीठ कमी आहे." मी मीठ आणून दिलं. त्या दिवसापासून आमच्या घरातला 'म्हणावं' संपला.

लढाई त्यानंतर फार चालली नाही. ज्या दिवशी संपली त्या दिवशी भोंगा किती तरी वेळ सरळ वाजत होता. कॉलनीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. ह्यांनी दाढी काढली. भटा पुढे बरीच वर्षं चालला. तिलवारा ते लम्हेटा ही वाट कारखान्यातल्या निम्म्या लोकांनी आमच्याबरोबर केली, एक जण पाण्यातून, बाकीचे काठानं. मीसुद्धा बसले त्यात, आणि सांगते, त्या गोऱ्याला हसू येत होतं ते उगीच नव्हतं. नियम एकच होता आणि तो जेठांचा. दोर हातात धरायचा नाही, कमरेला बांधायचा. होडीत कुणीही असो, काठावरचं टोक त्यांच्याच कमरेला. गाठ ते दोनदा ओढून बघायचे. लम्हेट्याची पोरं ह्यांना लांबून बघितलं की "महात्मा जी" म्हणून ओरडायची आणि हे वल्हं उंच करून आशीर्वाद द्यायचे.

भटा शेवटी कुजला. जेठ रिटायर झाले, मग हे झाले. पोरं पुण्याला, नागपूरला गेली. मागे एका हिवाळ्यात ह्यांनी ठरवलं, गुडघे चालून राहिले तोवर एकदा जुनी वाट करू. आम्ही तिघंच निघालो. जेठांच्या हातात काठी होती, ऐकू कमी यायला लागलं होतं. तिलवाऱ्याच्या खाली, जिथून होडी सोडायचो तिथे आल्यावर त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून तो दोर काढला आणि कमरेला बांधायला लागले.

हे म्हणाले, "दादा, होडी कुठे आहे आता? दोर कशाला?"

जेठांना ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल. त्यांनी गाठ दोनदा ओढून बघितली आणि दुसरं टोक ह्यांच्यापुढे धरलं. हे एवढे वाद घालणारे, पण त्या दिवशी मान खाली घालून त्यांनी ते टोक आपल्या कमरेला बांधून घेतलं. मग दोघं म्हातारे काठाच्या वाटेनं चालायला लागले, मधे दोर झोके घेत होता. मी मागून बोरं तोडत गेले.